लिलीच्या भावकीतला कांदा

पॅन्सीचं फूल मी आयुष्यभर उशांच्या अभ्र्यांवर भरत आले, पण डोळ्यांनी कधी पाहिलं नाही. डॅफोडिलचंही तेच. शिरूरला मिशनच्या वसतिगृहात आम्हाला भरतकाम शिकवणाऱ्या बाईंकडे एक जुनं नमुन्याचं कापड होतं, कुठल्या तरी मडमेनं जाताना मागं ठेवलेलं. त्यावर जेवढी फुलं होती तेवढीच जगात आहेत, असा आमचा समज. खिडकीबाहेर रुई, धोतरा, घाणेरी फुलून उभी असायची. पण ती कसली फुलं, तो पाला. पुढं मी गावातल्याच एका शाळेत शिवणाची बाई झाले आणि तीस वर्षं शिरूरच्या पोरींना विलायती बागेतली फुलं भरायला लावली. एकीनं एकदा विचारलं, "बाई, पॅन्सी म्हंजी मांजर का ओ?" मी तिला वर्गाबाहेर उभं केलं. खरं तर तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्या नमुन्यातल्या फुलाला चांगल्या मिशा होत्या.

निवृत्त झाले तेव्हा शाळेनं शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्याला आता वेळेवर कुठंही जायचं नाही त्याला घड्याळ का देतात, हे मला अजून कळलेलं नाही. मी आपली स्वतःसाठी रंगपेटी आणि चार ब्रश आणले. पहिल्यांदा दारातला मोगरा रंगवला. तो दवाखान्यातल्या कापसाच्या बोळ्यासारखा आला. तरी मजा वाटली, कारण चूक माझी होती, मडमेची नव्हती.

अशात दौंडहून ताईचा फोन आला. ताई माझी थोरली बहीण. तिचे यजमान रेल्वेत गार्ड होते. ते गेले, पण हिरवा-लाल बावटा ताईच्याच हातात राहिला. तिथल्या चर्चच्या महिला मंडळाची ती अध्यक्ष आहे, आणि तिनं बावटा दाखवल्याशिवाय तिथं चहासुद्धा उकळत नाही.

"ईस्टरला मेजावर नवं कापड पाहिजे," ती म्हणाली. "प्रभुभोजनाचं जुनं कापड उंदरांनी खाल्लं."

"सगळं?"

"मधलं मधलं. द्राक्षारस सांडलेला होता तिथं."

"म्हणजे उंदरांनी प्रभुभोजन घेतलं की गं!"

ताई म्हणाली, "तुझ्या जिभेला देव कधी लाल सिग्नल देणार आहे कुणास ठाऊक. ऐक. पांढरी भूकमळं पाहिजेत. आईनं भरलेली होती तशीच."

जुनं कापड आमच्या आईच्या हातचं होतं; तीही त्याच वसतिगृहात भरतकाम शिकलेली. ताईच्या लग्नानंतर तिनं दौंडच्या चर्चला दिलेलं.

"भूकमळ म्हणजे नक्की कसलं फूल गं?" मी विचारलं.

"लिली."

"ते कळलं. पण तू पाहिलंयस का?"

"मी देवदूतपण पाहिलेला नाही. म्हणून नाताळात काढत नाही का आपण?"

मी पांढरं केसमेंटचं कापड आणलं, फोनवर लिलीचे फोटो शोधले आणि कागदावर आखायला बसले. आठवडाभर लिली काढल्या. सगळ्या एकजात बँडवाल्याच्या कर्ण्यासारख्या. कंटाळा तर इतका आला की दोनदा पेन्सिल हातात धरूनच डुलकी लागली.

बाजाराच्या दिवशी मावशी आल्या. मावशी म्हणजे आमच्या शाळेतल्या शिपाई. सगळी शाळा त्यांना मावशी म्हणायची म्हणून मीही म्हणते. वयानं त्या माझ्याहून दोन वर्षांनी लहानच आहेत. केंदूरला त्यांची शेती आहे. शेतीपायी मुदतीआधीच, माझ्याआधी वर्षभर निवृत्त झाल्या, पण बाजाराला आल्या की पिशवी माझ्याकडं ठेवतात आणि चहा पिऊन जातात. त्यांनी माझे कागद एकेक करून पाहिले.

"बाई, येवढं कर्णं कशापायी काढल्यात? लगीन हाय का कुणाचं?"

"फुलं आहेत ती, मावशी. लिली."

"कुठं असत्यात?"

"आपल्याकडं नसतात."

"मग कशाला त्यांच्या मागं लागलाय? आमच्याकडं या. आमचं अर्धं रान फुललंय. पांढऱ्या फुलांचीच हौस आसंल तर डोळं भरून बघा."

दुसऱ्या दिवशी मी रंगपेटी पिशवीत टाकून केंदूरला गेले. मावशींच्या घरामागं अर्धा एकर बियाण्याचा कांदा होता. कांदा जन्मभर चिरला होता, त्याच्यापायी रडलेही होते, पण त्याला फूल येताना कधी थांबून पाहिलं नव्हतं. बियाण्यासाठी कांदा पुन्हा मातीत लावतात. त्याला कमरेएवढे पोकळ हिरवे दांडे येतात आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला पांढरा गोल चेंडू धरतो. मावशी त्याला गोंडा म्हणतात. असे हजारो गोंडे वाऱ्यावर हलत होते, आणि सगळ्या रानात मधमाश्यांची गुणगुण भरली होती.

मी बांधावर पोतं टाकून बसले आणि एक गोंडा जवळ ओढून पाहिला. तो एक चेंडू नव्हताच. शेकडो चांदण्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. प्रत्येक चांदणीला सहा पाकळ्या, प्रत्येक पाकळीच्या मधोमध एक हिरवी रेघ, बारीक सुईनं मारल्यासारखी. काही उमललेल्या, काही अजून मिटलेल्या. आणि पांढरा म्हणावा तर तो रंग पांढराही नव्हता. उन्हाच्या बाजूला लोण्यासारखा, सावलीत फिकट जांभळा, देठाशी पोपटी. पांढऱ्या कागदावर पांढरं फूल काढायचं तर फुलाला हात लावायचाच नाही, फक्त त्याची सावली रंगवायची, हे मला त्या बांधावर साठाव्या वर्षी कळलं. मी एकटीच हसले.

तेवढ्यात मावशींचे यजमान आले. त्यांना सगळे आबा म्हणतात. गावच्या सोसायटीत दोनदा निवडून आलेला माणूस; त्यामुळं कशावरही मत असतं.

"काय चाललंय बाई?"

"चित्र काढतेय, आबा."

"कांद्याचं?" त्यांनी वाकून पाहिलं. "आवं, द्राक्षाचं काढा, डाळिंबाचं काढा. कांद्याचं चित्र घरात लावल्यालं मी तरी कुठं बघितलं न्हाई."

"म्हणूनच काढतेय."

"बरं काढा. पर ह्यो गोंडा असा चपटा काढू नका. चपटा दिसला की लोक म्हणायचं, आबाच्या रानात रोग आला."

मी गोंडा गोल केला. त्या दिवशी पाच कागद संपवले. परतीच्या एसटीत कागद मांडीवर घेऊन बसले होते, आणि शिरूरचा स्टँड यायच्या आत ठरवून टाकलं की ताईच्या मेजावर कांदाच फुलणार.

भरायला घेतलं तेव्हा कळलं की हे फूल गाठीच्या टाक्यासाठीच जन्माला आलंय. सुईला दोऱ्याचे दोन वेढे द्यायचे, सुई तिथंच खाली घालायची, की कापडावर एक टपोरी गाठ बसते. अशा गाठींवर गाठी घालत गेलं की गोंडा फुगत जातो. पांढऱ्या दोऱ्याच्या तीन छटा, थोडा जांभळा, मध्ये कुठं कुठं उमललेल्या चांदण्या, दांड्यांना साखळी टाका. पहिला गोंडा पुरा झाला तेव्हा मी त्याच्यावरून तळहात फिरवला. तो खरोखर गोंड्यासारखाच खरखरीत लागला. लिली भरताना मला असा हात फिरवावासा कधी वाटला नव्हता.

पण असे बारा गोंडे भरायचे होते आणि ईस्टर तोंडावर आला होता. मावशींनी पुढच्या बाजाराला कापड पाहिलं. एका गोंड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "मला शिकवा."

"दुपारच्या येत जा."

"पर बाई, मी तुमच्या देवाच्या कापडाला हात लावल्याला चालंल का?"

"मावशी, उंदरांनी दात लावलेले चालले. तुमचा तर हात आहे."

त्या एसटीनं रोज दुपारी येऊ लागल्या. कांदे निवडून निवडून बोटं जाड झालेली. पहिल्या दिवशी सुई तीनदा हरवली, एकदा ती माझ्याच बुडाखाली सापडली. चौथ्या दिवशी त्यांच्या गाठी माझ्यापेक्षा सारख्या यायला लागल्या. शाळेत इतकी वर्षं ह्या बाई माझ्या वर्गाची घंटा वाजवत बाहेर बसल्या होत्या आणि मला कधी त्यांच्या हातात सुई द्यायचं सुचलं नव्हतं. हे मी त्यांना बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "तवा दिली आसती तरी म्या घेतली नसती. तवा तुम्ही लई खेकसायच्या."

एकदा मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर येऊन पाहते तर एका गोंड्यावर मोहरीच्या रंगाच्या आणि काळ्या दोऱ्याची माशी बसलेली.

"मावशी! हे काय केलंत?"

"माशी हाय. माशी न्हाई आली तर बी कसं धरंल? नुसती फुलं काढून काय उपेग?"

मी सुईनं ती उसवायला घेतली आणि थांबले. माशी झकास जमली होती. शेवटी कापडावर सात माश्या झाल्या. चार त्यांच्या, तीन माझ्या.

ताईला काय सांगायचं ही काळजी होतीच. त्यासाठी मी फोनवर शोधाशोध केली आणि एक सोन्यासारखी गोष्ट हाती लागली. जुन्या वनस्पतीशास्त्रात कांदा लिलीच्याच कुळात धरत असत. मागाहून शास्त्रज्ञांनी वाटणी करून त्याला वेगळं काढलं. म्हणजे नातं होतंच, फक्त भावकीत बिनसलेलं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी मी न्हावऱ्यावरून दौंडला गेले. मुद्दामच उशिरा, म्हणजे बदलायला वेळ राहू नये. ताईनं कापड पलंगावर पसरलं, चष्मा लावला.

"सुंदर भरलंयस," ती म्हणाली. माझी छाती फुगली. "पण ही कसली लिली?"

"लिलीच्या भावकीतलंच फूल आहे."

"आणि ह्या माश्या?"

"मधाच्या आहेत. पवित्र शास्त्रात मध चांगलाच मानलाय."

ताईनं माझ्याकडं संशयानं पाहिलं, पण कापडाला इस्त्री केली.

सकाळी चर्च भरलं होतं. कापड मेजावर असं काही शोभत होतं की मी गाणी म्हणायची विसरून तिकडंच बघत बसले. तरुण पाळकसाहेबांनी उपदेशात त्याचा उल्लेखही केला. अशी अपरिचित फुलंसुद्धा देवाचा महिमा सांगतात म्हणाले. सगळं पार पडलंच होतं. पण प्रभुभोजनाची भाकर घ्यायला लोक पुढं गेले तेव्हा राहू गावाकडचे एक म्हातारे आजोबा मेजापाशी थबकले. कानानं कमी ऐकू येतं, त्यामुळं स्वतःचा आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळत नाही. ते वाकले आणि सगळ्या मंडळीला ऐकू जाईल असं म्हणाले,

"आरं, ह्यो तर कांदा हाय! बियाण्याचा!"

मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसऱ्या बाकावरून. पाळकसाहेबांनी कापडाकडं पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि प्याला दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मला हसू आवरेना. मी रुमाल तोंडावर धरला, लोकांना वाटलं असेल बाई भक्तीनं रडतायत. ताई मात्र सरळ समोर बघत होती.

घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून म्हणाली, "माझं हसं झालं त्याचं काही नाही. पण आईची फुलं होती ती."

"ताई, आईनंसुद्धा लिली कधी पाहिली नव्हती. त्याच मडमेच्या कापडावरून काढलेली ती."

"मला माहीत नाही का? तिला जेवढं शिकवलं तेवढंच तिनं केलं. पण आपण सुटीला घरी असलो तरी दोघी उठायच्या आत ती भरायला बसायची. तेवढाच तिचा स्वतःचा वेळ होता. तू एकदा तरी विचार केलास का, ते जुनं कापड कुठंय ह्याचा?"

केला नव्हता. मला माझ्या गमतीपुढं काही दिसलंच नव्हतं. ताईनं कपाटातून ते कापड काढून दिलं. मधला भाग कुरतडलेला, पण चारही कोपऱ्यांतल्या लिली शाबूत होत्या. मी ते शिरूरला आणलं. उलट बाजूनं पाहिलं तर आईचे टाके समोरच्याइतकेच साफ होते. माझे तसे नसतात. माझ्या उलट्या बाजूला नेहमी जंगल असतं. मी चारही कोपरे कापून, कडा दुमडून, ताईसाठी चार उशांच्या अभ्र्यांवर बसवले आणि नेऊन दिले. ह्या वेळी त्या लिलींना कर्णे म्हणाले नाही. ताईनं एकच अभ्रा घातला, बाकीचे तीन ठेवून दिले.

पुढच्या रविवारपासून मेजावर पुण्याहून आणलेलं मशीनच्या भरतकामाचं कापड आलं. ते इतकं गुळगुळीत आहे की दर प्रार्थनेला एका बाजूला घसरतं. कांद्याचं कापड दिवाळीच्या सुमारास कापणीच्या सणाला बाहेर निघालं. पाळकसाहेबांनीच मागितलं आणि ताई नाही म्हणाली नाही. मेजाखाली भोपळे, ऊस, ज्वारीची कणसं, मेथीच्या जुड्या मांडल्या होत्या. मी मावशींना आणि आबांना घेऊन गेले. ताईनं मावशींना पुढच्या बाकावर बसवलं, त्यांच्या हाताची बोटं उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाली, "माझ्या बहिणीच्या नादी लागू नका. फार वात्रट आहे."

आबांनी कापडासमोर उभं राहून बारा गोंडे मोजले. "काम झ्याक झालंय," ते म्हणाले, "पर लागवड जरा दाट झालीया."

आता आमची दुपार ठरलेली आहे. शेवग्याचा तुरा झाला, तुरीचं पिवळं फूल झालं, भेंडीचं झालं. मी आधी रंगात काढते, मग दोघी भरतो. मावशी आता चित्रातल्या चुकाही काढतात. काल मी वांग्याचं फूल रंगवलं, चांगलं टवटवीत, तोंड वर करून. त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"वांग्याचं फूल कवा वर बघतं व्हय, बाई? त्ये खाली बघतं. परत काढा."

मी परत काढलं.