लग्नपत्रिकेतला चोर आणि आमचा गजूदादा

गजूदादाला आज सकाळी पोचवून आलो.

माझा चुलतभाऊ. किडनीच्या आजारामुळे पुणे सोडून गावी, कुरुंद्याला परत आला, पण कंपनीचं काम घरूनच करायचा.
मोबाइल-कॉम्प्युटरमधले व्हायरस तपासायचं काम.

मी बारावी अर्धवट सोडलेला, साध्या मेसेजलाही घाबरणारा. तरी त्याच्या शेजारी बसून राहायचो.

गावातल्या मारोतमामांच्या पोरीचं लग्न ठरलं होतं. मामांच्या नंबरवरून गावभर व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका गेली.
लग्नाची पत्रिका न उघडणं म्हणजे अपमान. लोकांनी उघडली.
काही जणांची बँक खाती रिकामी झाली.

मामा पोरीची शपथ घेऊन म्हणाले, "म्या पाठवलीच न्हाई."

मोबाइलवाल्यानं पत्रिकेची फाईल स्कॅन केली. रिझल्ट क्लीन.

झालं! गाव म्हणू लागलं, "फाईल साफ हाय, मंग पैसे नेले कुनी? मारोतरावनंच."
नवरदेवाकडचे लग्न मोडायला निघाले.

दादानं ती फाईल एका जुन्या, रिकाम्या फोनमध्ये टाकून उघडली. काहीच झालं नाही.

"दादा, खरंच साफ तर नसंल?"

"भेदरट! आतला माल कुलपात हाय. एन्क्रिप्ट केलेला. स्कॅनरला नुसती बंद पेटी दिसून राहिली."

"मंग कुलूप तोडायचं कसं?"

"आपण काहून तोडायचं? चोरी करायची तर तिला सोताच उघडावं लागते. फोन रिकामा दिसला म्हणून झोपली हाय. तिला नांदतं घर दाखव."

मग मी त्या फोनमध्ये फोटो, मेसेज, खोटे नातेवाईक भरले; त्यातल्या एकाला माझ्याच जुन्या फोनचा नंबर दिला. प्रत्येक नाव नीट टाईप करत होतो.

"अबे, चोराला शुद्धलेखन दाखवून राहिला काय?"

हसता हसता त्याला धाप लागली.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर सगळे जमले. दोन्हीकडचे.
दादानं फोन लॅपटॉपला जोडला, फाईल सुरू करून मधोमध ठेवला. हात मागे घेतले.

थोड्या वेळानं, कुणीही न शिवता, त्या फोनवरून माझ्या जुन्या फोनवर पत्रिका आली.
दादाच्या लॅपटॉपवर कुलूप उघडलेला मालही दिसला. बँकेचे मेसेज वाचणारा, सगळ्यांना स्वतःहून पत्रिका धाडणारा.

"मामांनी बी कुनाची तरी पत्रिकाच उघडली होती," दादा म्हणाला. "मान राखायला."

नवरदेवाचे आजोबा उठले. "मारोतराव, चुकलं आमचं. अक्षता घेऊन या, आमी वाट पाहू."

लग्न झालं. पोरगी सुखात आहे.

आज तिरडीला पहिला खांदा मारोतमामांनी दिला. वाटेत लोक खांदा बदलायला पुढे येत होते.
स्मशान येईपर्यंत मामांनी खांदा सोडला नाही.

दादा, तकलीफ संपली तुझी. आता निवांत राहा.