सगळ्यात मागे चालणारा मिस्त्री

मिस्त्रीला कुत्र्याच्या अंगाला हात लावताना मी कधी पाहिलं नाही, तरी आर्णीतली निम्मी कुत्री त्याच्या मागे असत. त्याच्या अम्मीचा दंडक कडक होता. कुत्र्याची लाळ लागलेला कपडा धुतल्याशिवाय घरात यायचा नाही. म्हणून मिस्त्री कुत्र्यापासून दोन हात अंतरावर उकिडवा बसे आणि गप्पा मारी. माणसांशी तो आमच्यासारखा वऱ्हाडीत बोले. कुत्र्यांशी मात्र स्वच्छ उर्दूत, तेही 'आप' म्हणून. "आइए जनाब, बैठिए. आज बड़ी देर कर दी आपने." त्याच्या गॅरेजसमोर पडून राहणाऱ्या एका खरजुल्या कुत्रीला तो 'बेगमसाहेबा' म्हणायचा, आणि तीही तशीच चालायची.

माझा भुऱ्या मी ढाणकीच्या बाजारातून टॉवेलात गुंडाळून आणला होता. दूध पाजून, उन्हाळ्यात ओल्या पोत्यावर निजवून वाढवला होता. त्या भुऱ्याला मिस्त्रीच्या लुनाचा आवाज आला की तो माझ्या हातातली पोळी टाकून पळत सुटे. लोक हसत. मीही हसत असे. पण आतून मला ते झोंबायचं. ज्या माणसाने त्याला एकदाही कुरवाळलं नाही, त्याच्यापुढे हा शेपटी हलवत लोळण घेतो म्हणजे काय?

संक्रांत झाली की आम्ही चारपाच मित्र दरवर्षी पुसदकडच्या डोंगरात दोन दिवस मुक्कामाला जात असू. शनिवारी चढायचं, रविवारी उतरायचं. तंबू वगैरे नाही. कापूस झाकायची ताडपत्री, घोंगड्या, स्वयंपाकाला एक गंज, कणीक, डाळ आणि ज्याची त्याची कुत्री. मी हायस्कुलात मास्तर, कॉलेजात असताना एन.सी.सी. केलेली, त्यामुळे पुढारपण माझ्याकडे. एका वर्षी पायथ्याशी आमची जीप बंद पडली. मिस्त्रीला बोलावून घेतलं. त्याने ती सुरू केली आणि जायला निघाला, तर माझा लहानपणापासूनचा मित्र दिनू म्हणाला, "मिस्त्री, चाल ना आता तूही." त्या वर्षीपासून तो दरवर्षी आला.

मी सगळ्यात पुढे चालायचो, मिस्त्री सगळ्यात मागे. औषध दुकानवाला राठोड जाड होता, दर वळणावर बसायचा. मिस्त्री त्याच्याबरोबर बसायचा. मी वरून ओरडलो की खालून शांतपणे उत्तर यायचं, "सर, डोंगर पुढच्याचा नसते. मागच्याचा असते." दुसऱ्या वर्षीच मला दिसलं, की पुढे मी एकटाच चालतो आहे. बाकीचे सगळे, कुत्र्यांसकट, मागे त्याच्याजवळ. खालून हसण्याचे आवाज यायचे आणि मी पाय आणखी जोरात टाकायचो.

त्याची दुसरी सवय म्हणजे ऐकणं. गॅरेजात गाडी आली की तो पाना हातात घेत नसे. डोळे मिटून नुसता इंजिनाचा आवाज ऐकत बसे. गिऱ्हाईक घाई करू लागलं की म्हणायचा, "आधी ऐकाव, मंग खोलाव." माणसांशीही तो तसाच वागे. समोरचा बोलून थांबला तरी हा आणखी थोडा वेळ गप्प राही, आणि त्या गप्प राहण्यात समोरचा खरं काय ते बोलून टाकी. मी शिक्षक. मला वाक्य पुरं होण्याआधी दुरुस्त करायची सवय.

कापसाची ती वाईट वर्षं होती. बोंडं किडायची, उरलंसुरलं विकायला खरेदी केंद्रावर चार-चार दिवस गाड्यांची रांग लागायची. दिनू त्या केंद्रावर ग्रेडर होता. गाडीतला कापूस मुठीत घेऊन प्रत ठरवायची, नाहीतर ओला म्हणून परत पाठवायचा, हे त्याचं काम. गावातलीच माणसं, ओळखीचे बैल. हळूहळू त्याने लग्नकार्याला जाणं सोडलं. माझ्या घरी आला तरी उंबऱ्याजवळच्या खुर्चीवर बसे आणि चहा अर्धा टाकून उठे. मी विचारलं की म्हणे, "काही नाही रे, पित्त झालं."

त्यातल्या एका वर्षी डोंगरावर पोचल्यावर मी सरपण आणायला गेलो. शेणाच्या गोवऱ्या आम्ही खालून आणल्या होत्या, त्यावर कणकेचे पानगे भाजायचे होते. मोळी घेऊन परत आलो तेव्हा ऊन कलत होतं. कड्याजवळ धावड्याच्या झाडाखाली दिनू बसला होता आणि रडत होता. मी त्याला रडताना फक्त त्याची आई गेली तेव्हा पाहिलं होतं. मिस्त्री शेजारी गप्प बसलेला. दोघांच्या मध्ये माझा भुऱ्या, दिनूच्या पायावर हनुवटी टेकून. मला पाहून दिनूने तोंड पुसलं. मी मोळी टाकली आणि कणीक मळायला बसलो. चाळीस वर्षांची आमची दोस्ती, आणि हा रडला तो कोणाजवळ? माझं लक्ष नव्हतं, पानगे करपले.

सकाळी उतरायच्या वेळी मी म्हणालो, "नाल्यानं उतरू. तासभर वाचते."

मिस्त्री म्हणाला, "सर, नाल्यात पुढं कडा हाय. काल वरून पाह्यला मी."

"मिस्त्री, तू गाड्या पाह्य. डोंगर मले शिकवू नको."

मी दिनूकडे वळलो. "येतो का?"

"मले तुह्यासंगच चालाचं होतं आज," दिनू म्हणाला. "पन सरळ वाटेनं जाऊ ना."

"मंग जाय त्याच्यासंग," मी म्हणालो आणि नाल्यात उतरलो. भिडेखातर राठोड तेवढा माझ्यामागे आला. भुऱ्या दहा पावलं आला, बसला, माझ्याकडे पाहिलं, आणि परत फिरला.

कडा होताच. त्याच्यावरून उतरायचा हट्ट केला आणि माझा पाय मुरगळला. पुढे उतरता येईना, मागे चढता येईना. राठोड शिट्ट्या मारून थकला. दुपारी वरच्या अंगाने भुऱ्याचं भुंकणं ऐकू आलं आणि त्याच्या मागून ताडपत्रीचा दोर खांद्यावर घेतलेला मिस्त्री. त्याने माझा घोटा दाबून पाहिला, "हाड शाबूत हाय," एवढंच म्हणाला आणि मला पाठीवर घेतलं. वाटेबद्दल एक शब्द नाही. मी त्याच्या मानेवरचा घाम पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, हा चिडत का नाही?

आर्णीत दुसऱ्या दिवशी मी लंगडत चहाच्या टपरीवर गेलो. लोकांनी विचारलं. मी सांगितलं की नाल्यातून नवी वाट काढली, उतरताना जरासा पाय मुरगळला, बाकी काही नाही. मिस्त्री तिथेच चहा पीत होता हे मला बोलून झाल्यावर दिसलं. कोणीतरी त्याला विचारलं, "खरं काय मिस्त्री?" तो म्हणाला, "हो. सरांनीच काढली वाट." त्याने मला खोटं पाडलं असतं तर मी त्याच्याशी सरळ भांडू तरी शकलो असतो.

पुढच्या वर्षी गॅरेज चालेना. लोक गाड्या घरीच उभ्या ठेवू लागले होते. त्याच्या मेहुण्याने राजूरला कोळशाच्या डंपरांच्या वर्कशॉपमध्ये काम पाहिलं, आणि अम्मीला नि बेगमसाहेबाला टेम्पोत बसवून मिस्त्री निघून गेला. भुऱ्या टेम्पोमागे नाक्यापर्यंत धावला. मी त्याला उचलून घरी आणलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. आता कुत्रं माझं, मित्र माझा, डोंगर माझा. पण त्या संक्रांतीला कोणीच निघालं नाही. राठोडला काम निघालं, दिनूला पित्त झालं. मग ते जाणंच बंद पडलं.

बारा वर्षांनी माझे बाबा गेले. तेराव्याला सगळे उठून गेल्यावर दिनू थांबला.

"एक सांगाचं हाय," तो म्हणाला. "काकाजीची गाडी म्या परत पाठवली होती. कापूस कोरडा होता. गोदाम भरलं होतं, साहेबानं सांगतलं होतं ओला म्हणून लिही. काकाजीनं कापूस हातात घेऊन मले दाखवला. म्या वर पाह्यलं नाई."

बाबांनी कपाशी उपटून सोयाबीन का लावलं, दिनू आला की ते उठून गोठ्यात का जात, हे मला तेव्हा कळलं. मी समजत होतो, म्हातारपणी माणूस तऱ्हेवाईक होतो.

"मिस्त्रीले सांगतलं होतं म्या, डोंगरावर. तो म्हणे, सरले सांग. सर रागावतीन, पन ऐकतीन. सर मनाचे मोठे हायेत. दुसऱ्या दिवशी उतरताना सांगणार होतो."

मी उठलो आणि आत निघून गेलो. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आठवडाभर मी दिनूच्या घरावरून गेलो नाही. मग एका सकाळी वणीची बस धरली आणि तिथून राजूरला गेलो.

मिस्त्रीची दाढी पांढरी झाली होती. डंपरखालून बाहेर आला, मला ओळखलं, हात पुसून खुर्ची दिली. मी घाईने बोललो, कारण थांबलो असतो तर बोललोच नसतो.

"मिस्त्री, त्या नाल्यातल्या वाटेचं म्या गावात खोटं सांगतलं होतं."

त्याने बराच वेळ आठवून पाहिलं. "कोणती वाट, सर? मले त पानगे जळलेले याद हायेत."

मी इतकी वर्षं ते उराशी घेऊन हिंडत होतो आणि याने ते ठेवलंच नव्हतं. तिथे, काळ्या धुळीत बसून, मला त्याच्या त्या विसरण्याचाही हेवा वाटला.

"दिनूभाऊनं सांगतलं का मंग तुमाले?" त्याने विचारलं.

"सांगतलं. बाबा गेल्यावर."

"अन तुम्ही काय म्हणलं त्याले?"

"काही नाई. उठून आत गेलो."

तो नेहमीसारखा गप्प राहिला. मीही या खेपेला काही बोललो नाही. मग त्याने घड्याळ पाहिलं आणि चहावाल्याला हाक मारली. "एकची गाडी हाय यवतमाळची. चहा घ्या अन निघा सर. आधी त्याच्या घरी जाजा, मंग आपल्या."

आर्णीला उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दिनूने दार अर्धंच उघडलं. बसमध्ये जुळवलेली सगळी वाक्यं ऐन वेळी गेली.

"मिस्त्रीनं पाठवलं," मी म्हणालो.

दिनू बाजूला झाला आणि आत बायकोला म्हणाला, "दोन कप ठेव."