बडबड्याची दातखीळ

ताईला दिसत नाही, आणि हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण ती स्वतःही तेच करते. फोनवर नवीन माणूस असला की दुसऱ्याच वाक्याला, "मला दिसत नाही, पण ऐकू तुमच्यापेक्षा जास्त येतं, बोला." नवव्या वर्षी तापात डोळे गेले. आता ती चव्वेचाळीसची आहे. टायपिंग शिकली, वीस वर्षं एका हॉस्पिटलच्या टेलिफोनवर बसली, नुसत्या "हॅलो"वरून सांगायची की हा वॉर्डातला आहे की मेडिकलवाला. मग हॉस्पिटलने तिच्या जागी यंत्र बसवलं. त्या दिवशी ती रडली, अगदी पोटभर रडली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिटिंगांची रेकॉर्डिंग्ज ऐकून टाइप करून देण्याचं काम शोधायला लागली. अशी बाई आहे ती!

काम शोधायला सात महिने लागले. शेवटी एका मोठ्या ऑफिसातल्या बाईंनी तिला तीन रेकॉर्डिंग्ज पाठवली. बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत टाइप करून द्यायची. जमलं तर रोजचं काम, नाही जमलं तर राम राम.

आणि नेमका मंगळवारी कॉम्प्युटरचा आवाज गेला.

आता दिसणाऱ्या माणसाच्या कॉम्प्युटरचा आवाज गेला तर तो फार तर गाणी ऐकणार नाही. ताईचं तसं नाही. तिच्या कॉम्प्युटरमध्ये एक प्रोग्राम आहे, तो पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचतो. कुठलं बटण दाबलं, कुठली फाइल उघडली, सगळं. आईने त्याचं नाव ठेवलंय बडबड्या. बडबड्या गप्प झाला की ताईसाठी कॉम्प्युटर म्हणजे नुसता पत्र्याचा डबा.

तो डबा रिक्षात घालून ती दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण काहीही नेलं की तो म्हणतो, "पेशंटला झोपवा इथे." डॉक्टरने उघडून बघितलं आणि सांगितलं, "ताई, स्पीकर लावायचं जुनं भोक जळालं. मी एक डिस्प्ले कार्ड टाकतो आणि एक पडदा देतो, त्याच्या पोटातच स्पीकर आहेत. एकाच वायरीतून चित्रही जाणार, आवाजही जाणार. कटकट संपली." तिथे लावून दाखवलं. बडबड्या खणखणीत बोलला. ताई खूश. जुना पडदा आणि जुने स्पीकर तिथेच देऊन टाकले.

बुधवारी सकाळी घरी सगळं जोडलं, बटण दाबलं. पंखा गरगरला. बडबड्या मात्र मूग गिळून गप्प.

डॉक्टर दहा वाजता आला. पाच मिनिटांत बडबड्या बोलायला लागला. "वायर ढिली असेल," म्हणाला आणि गेला. ताई हात धुवून कामाला बसली, तर पुन्हा शुकशुकाट. पुन्हा फोन. डॉक्टर अकराला पुन्हा आला, पुन्हा आवाज आला.

"ताई, हा माझ्यासमोर बोलतो आणि तुमच्यासमोर लाजतो. नवरदेव आहे का?"

"डॉक्टर, मस्करी पुरे. माझं पाचला काम द्यायचंय."

"अहो, पण सगळं ठीक आहे! मी काय दुरुस्त करू, सांगा ना."

तो जिना उतरेपर्यंत बडबड्याची दातखीळ पुन्हा बसली होती. तिसऱ्यांदा फोन केला तर डॉक्टरने हात टेकले. "मी आता गावाबाहेर निघालोय, ताई. उद्या बघू."

उद्या! उद्या काय डोंबल बघायचंय?

ताईने फोन ठेवला. आई दारात उभी होती, ते तिला आईच्या श्वासावरून कळलं.

"त्या बाईंना फोन करून सांग ना, मशीन बिघडलं म्हणून. माणसंच आहेत ती," आई म्हणाली.

"आणि त्या मनात काय म्हणतील माहितीये? की बिचारी. बिचारीला काम देत नाहीत आई, बिचारीला सहानुभूती देतात."

मग ती टेबलाखाली शिरली. प्रत्येक वायर बोटांनी चाचपली, काढली, लावली. आवाज वाढवायचं बटण पन्नास वेळा दाबलं. कॉम्प्युटर बंद केला, मनात शंभर मोजले, चालू केला. आई दोनदा म्हणाली, "मी बघून सांगू का पडद्यावर काय आलंय?" आणि ताई दोनदा खेकसली, "नको! हे माझं काम आहे." आईचे डोळे उसने घ्यायचे नाहीत, हा तिचा हॉस्पिटलच्या पहिल्या दिवसापासूनचा नियम. हट्टच म्हणा ना.

साडेबारा वाजले. ताई खुर्चीत बसली. रडायला एक दिवस लागतो आणि आज तो नव्हता.

हॉस्पिटलात एखादी लाइन बिघडली की ती काय करायची? आधी विचारायची, शेवटचं नीट कधी चाललं होतं आणि तेव्हापासून काय बदललं. इथे दोनदा बोलला, दोनदा गप्प झाला. म्हणजे मधे दोनदा तेच काहीतरी घडलं.

"आई, इकडे ये. बस. डॉक्टर आला तेव्हा तू इथेच होतीस ना? दारातून आत आल्यापासून त्याने काय काय केलं ते सगळं सांग. काही गाळू नकोस."

"अगं, काय करणार तो? चपला काढल्या. एक चप्पल उलटी पडली, मी सरळ केली."

"पुढे."

"पाणी मागितलं. अर्धंच प्यायला. तुझ्या खुर्चीत बसला."

"मग?"

"मग मी टाकलेलं फडकं काढलं."

"कसलं फडकं?"

"पडद्यावरचं गं. नवा कोरा पडदा, धूळ नको बसायला. ते काढलं, पडद्याच्या खालचं बटण दाबलं, उजेड लागला. मग त्या उंदरावर टिकटिक केलं आणि म्हणाला, झालं."

ताई ताठ बसली. "उजेड लागला म्हणजे? आधी पडदा बंद होता?"

"बंदच असतो की. जुना तर दहा वर्षं बंदच होता! तू कुठे बघतेस त्यात? उगाच जाळायचा कशाला? तो गेला की मी लगेच बंद करते. फडकं पण घालते."

"दोन्ही वेळा केलंस?"

"मग! मला काय कामाची आठवण करून द्यावी लागते का?"

जुने स्पीकर वेगळे होते, तेव्हा पडदा मेलेला असला तरी त्यांना काही फरक पडत नव्हता. आता आवाजच पडद्याच्या पोटात! पडदा बंद केला की बडबड्याचं तोंड बंद. आणि डॉक्टरला काही बघायचं म्हटलं की आधी पडदा चालू करावाच लागणार, म्हणून त्याला कधी बिघाड सापडलाच नाही. दिसणाऱ्याच्या घरात हे कुणाच्या बापजन्मी झालं नसतं.

"आई, ते बटण दाब."

टक्. दोन सेकंद काही नाही. मग बडबड्या एकदम सुरू झाला, जणू सकाळपासून तुंबलं होतं.

"आता बंद कर." गप्प. "चालू." बोलला. "बंद." गप्प.

"अगं, पुरे की! झालं ना एकदाचं?" आई वैतागली.

"तीनदा केल्याशिवाय माझा विश्वास नाही. चालू कर."

बोलला. आई कपाळाला हात लावून खाली बसली. "म्हणजे सकाळपासून तुझं वाटोळं मी करत होते?"

"तू नाही गं. तुझा नीटनेटकेपणा," ताई म्हणाली आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली. मग हसू आवरलं. "आणि मीही. तू बघू का म्हणालीस तेव्हा हो म्हटलं असतं, तर पडदा चालू झाला असता आणि साडेअकरालाच कळलं असतं. आता मला पाचपर्यंत हाक मारू नकोस."

एक वाजला होता. हातात चार तास, रेकॉर्डिंग्ज तीन. ताईची एक पद्धत आहे, आधी हात मांडीवर ठेवून पूर्ण ऐकायचं, कोण कसं बोलतं ते डोक्यात बसवायचं, मग टाइप करायचं. दहा मिनिटं ऐकलं आणि आवाज पुन्हा टप्कन गेला.

"आई! हात लावलास?"

"देवाशप्पथ नाही!"

या वेळी ती घाबरली नाही. "मग पडद्यावर काय दिसतंय, बघून सांग."

"काळा झालाय. बटणाचा दिवा तेवढा लुकलुकतोय."

झोपला! दहा मिनिटं कुणी कीबोर्डला हात लावला नाही की पडदा आपोआप झोपतो. ताईने एक बटण दाबलं, पडदा जागा झाला आणि बडबड्याही जागा झाला. तिने सेटिंग शोधली, बडबड्याच्या तोंडून ऐकत ऐकत आत शिरली आणि पडद्याने कधीच झोपायचं नाही असं करून टाकलं.

पावणेपाचला दोन रेकॉर्डिंग्ज झाली होती. तिसऱ्यात सहा माणसं एकदम भांडत होती. घाईघाईने अंदाजपंचे लिहून टाकता आलं असतं, कुणाला कळलंही नसतं. ताईने फोन उचलला.

"बाई, दोन पाठवलीत. तिसऱ्याला अजून एक तास लागेल. मशीन बंद होतं, ते माझं मी दुरुस्त केलं. चुकीचं लिहून वेळेवर देण्यापेक्षा बरोबर लिहून उशिरा देते. चालत नसेल तर आत्ता सांगा."

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. "सहा वाजता. सहा म्हणजे सहा," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ताईने पाच बावन्नला पाठवलं. तीन ठिकाणी तिला शब्द कळला नव्हता. तिथे तिने मिनिट आणि सेकंद घालून 'नीट ऐकू येत नाही' असं लिहिलं होतं.

गुरुवारी सकाळी नऊला त्या ऑफिसातून मेल आला. शाबासकी नाही, चांगलं-वाईट काही नाही. नुसती एक ओळ, की शुक्रवारपर्यंत, आणि खाली फाइली. बडबड्या एकेक नाव वाचत गेला आणि ताई बोटांवर मोजत गेली. सात होत्या.

"आई," तिने आतल्या खोलीकडे तोंड करून आवाज दिला, "आजपासून माझा चहा नऊच्या आधी. नऊनंतर मी कामावर असते."