सीटी, सील आणि संशय

संशय घेणं हीच ज्याची नोकरी, त्याच्याकडं किस्से आपोआप साठतात. नव्वदच्या दशकात मी सातारा-सांगली भागात मोठ्या गिऱ्हाइकांचे वीजमीटर तपासणाऱ्या पथकात होतो. पथक म्हणजे तिघं आणि एक खटारा जीप. कांबळे साहेब, ज्युनियर इंजिनियर मी आणि वायरमन तानाजी. लोक आमच्यावर संशय घ्यायचे, आम्ही लोकांवर, आणि कांबळे साहेब सगळ्यांवर!

कारखान्याचा सगळा करंट थेट मीटरमधून सोडला तर मीटर जळून कोळसा होईल. म्हणून मध्ये करंट ट्रान्सफॉर्मर बसवतात. आमच्या भाषेत सीटी. तो मोठ्या करंटची लहान, प्रमाणशीर नक्कल करतो. दोनशे अँपिअर गेले की मीटरला पाच देतो. आम्ही रीडिंगला चाळीसनं गुणायचो.

साहेब म्हणायचे, "मीटर बिचारा ऐकीव गोष्ट सांगतो. सांगणारा सीटी. आपण उलटतपासणी घ्यायची ती सीटीची!"

*

कोरेगावजवळ एक बर्फाचा कारखाना होता. कॉम्प्रेसर धडधडतोय आणि मीटर मात्र खऱ्याच्या एक तृतीयांश दाखवतोय. मालकानं चहा मागवला. साहेबांनी हात लावला नाही. जिथं संशय तिथं चहा नाही, हा त्यांचा नियम.

मालक काकुळतीला आला. "आवं साहेब, त्या पेटीकडं मी बघत पण न्हाई!"

पेटी उघडली. तीन फेजचे तीन सीटी, त्यातला एक उलटा जोडलेला. म्हणजे दोघं बेरीज करतायत आणि तिसरा वजाबाकी! साहेबांचे डोळे चमकले. पण आम्ही तोडलेलं सील जुनंच होतं, अगदी शाबूत. पेटी बसवल्यापासून कुणी उघडलीच नव्हती. साहेबांनी बॅगेतून बसवतानाचा रिपोर्ट काढला. 'जोडणी तपासली' असं लिहून खाली सही होती. माझी!

साहेबांनी गार झालेला चहा उचलला. मालकाला म्हणाले, "तुम्ही सुटलात."

मग माझ्याकडं वळून, "तू पिऊ नकोस."

*

जतकडं टँकर भरायच्या मोठ्या पंपावर गेलो, तर पन्नासेक बायका घागरी घेऊन जीपपुढं उभ्या. पुढं सरपंचबाई. सगळे त्यांना अक्का म्हणत.

"लाइट तोडायला आलाय व्हय?"

"न्हाई अक्का," साहेब म्हणाले, "पंप चालू ठेवूनच तपासायचंय."

अक्कांचा विश्वास बसेना. त्या पेटीजवळच फतकल मारून बसल्या. "ह्यो गोल डबा कशाचा?"

साहेबांनी शांतपणे सगळं समजावलं. अक्का ऐकत होत्या.

"मंजी दोनशे गेले तरी ह्यो पाचच सांगतोय?"

"हो."

"आन् ह्यो खोटं बोलतोय का, ते बघायला तुमी आलाय?"

"हो."

"बोलतोय की! आत्ताच तुमी सांगितलंसा!"

*

तेलाच्या एका गिरणीत मीटरच्या पेटीवर देवाचा मोठा फोटो होता, हार घातलेला. साहेबांनी आपलं नाव सांगितलं. आडनाव ऐकल्यावर मालकाचा चेहरा बदलला.

"देवाला हात लावायचा न्हाई. तुमी तर मुळीच न्हाई."

तानाजी उसळला. साहेबांनी त्याला डोळ्यानंच थांबवलं. असल्या वेळी ते फार मऊ बोलायचे, आणि मला त्याचीच भीती वाटायची.

"बरोबर आहे, मालक. मी नाही लावत. तुम्हीच उतरवा."

आम्ही तिघं हाताची घडी घालून उभे राहिलो. गिरणीतले हमालही बघायला गोळा झाले. शेवटी मालकानं फोटो उतरवला. मागं पेटीला भोक. भोकातून तांब्याची तार आत गेलेली, सीटीच्या दोन टोकांना जोडून. करंट मीटरकडं न जाता तारेतूनच परत!

साहेबांनी पेन उघडलं. "तुमच्या हातानंच उतरवलात ते बरं झालं. पंचनाम्यात तसंच लिहितो."

*

एका सूतगिरणीत चालू लोडवर मीटर बदलायचा होता. त्याआधी सीटीची दोन टोकं वायरनं एकत्र जोडावी लागतात. तेवढ्यात गिरणीच्या इलेक्ट्रिशियनला शंका आली.

"ही वायर कशाला? रीडिंग खायला?"

"टोकं मोकळी राहिली तर हजारो व्होल्ट येतात," मी म्हणालो.

"पाच अँपिअरच्या वायरीत? मला शिकवू नका!" म्हणून त्यानं ती वायर उपटायला हात घातला. मीटर आधीच सुटलेला होता. तानाजीनं त्याला मागनं कव घालून जमिनीवर आपटलं.

त्यानं लेखी तक्रार केली, वायरमननं मारलं म्हणून. साहेबांना खुलासा द्यावा लागला. एकाच ओळीचा होता. 'मारले हे खरे. वाचवले हेही खरे.'

*

सांगलीकडच्या एका सबस्टेशनात नवीन ट्रान्सफॉर्मर बसवला. आठवड्यात तीनदा ट्रिप झाला, म्हणजे बंद पडला, आणि तिन्ही वेळा ड्यूटीवर बाबर. म्हसवडचा साधा, तिथल्या नाथाला मानणारा माणूस. चौकशी अधिकारी आला आणि त्यानं ठरवूनच टाकलं की बाबर मुद्दाम बटण दाबतो. सस्पेन्शनची भाषा सुरू झाली.

"नाथाच्यानं सांगतो साहेब, मी हात लावला न्हाई!"

"शपथ रिपोर्टात लिहिता येत नाही."

सीटी तपासायला आम्हालाही बोलावलं होतं, आणि कांबळे साहेबांचा संशय मात्र वेगळाच. ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजूंना सीटी असतात. आत गेलेला आणि बाहेर आलेला करंट जुळला नाही, तर रिले, म्हणजे राखणीला बसवलेलं यंत्र, समजतो की आत बिघाड आहे, आणि सप्लाय तोडतो. एका बाजूचे सीटी उलटे जोडलेले असतील, तर लोड वाढल्यावर रिले फसणारच. आणि शेतीपंपांचा लोड यायचा सकाळी, नेमका बाबरच्या पाळीत!

अधिकारी ऐकेना. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबरनं खुर्ची उचलली, पॅनेलपासून वीस फूट लांब, अधिकाऱ्यासमोर मांडली आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवून बसला. पंप सुरू झाले. करंटचा काटा चढायला लागला. पाच मिनिटं. दहा.

खाड!

सगळं बंद. साहेबांनी सीटीची पेटी उघडली. वायरी उलट्याच होत्या.

अधिकारी पडेल आवाजात म्हणाला, "बाबर, हात खाली घ्या आता."

"आदी लिवा, साहेब."

"काय लिहू?"

"हात कुठं हुते ते."

आणि सही होईपर्यंत त्यानं हात खाली घेतले नाहीत.