पहिल्या ओळीतली करडी

धानकापणीनंतर तणस जळल्याचा वास आला की मला डफ शेकणारे बाबा दिसतात. ते आमच्या करडी गावच्या दंडारीत, नाचगाण्याच्या लोकनाट्यात, गायचे. गाणी स्वतःच जोडायचे आणि शेवटच्या कडव्यात आपलं नाव, गाव घालायचे. एकदा नागपूरहून एक चॅनेलवाला आला आणि अंगणात त्यांचं गाणं मोबाइलवर उतरवून घेऊन गेला. आठवड्याभरात ते आंधळगावच्या बाजारात लोकांच्या मोबाइलवर वाजू लागलं, पण शेवटचं कडवंच गायब! खाली नाव चॅनेलचं, जणू गाणं झाडाला लागलं होतं. दुसऱ्या गाण्यासाठी तो परत आला तेव्हा बाबांनी विचारलं, "माहं नाव काहून कापलं?" तो हसला. "काका, शेवटपर्यंत कोणी ऐकत नाही." बाबांनी तणस पेटवून डफ शेकला आणि नवं गाणं उचललं. पहिल्याच ओळीत नाव, गाव. मग प्रत्येक कडव्यात तेच. चॅनेलवाल्याचा मोबाइल हळूहळू खाली आला. "आता काप," बाबा म्हणाले, "कुठून कापतो तं पाहू!" आज माझी गाणी मीच माझ्या चॅनेलवर टाकतो. कापणारं कोणी नाही. तरी प्रत्येक गाणं करडीपासूनच सुरू होतं. ज्याला घाई असेल त्याने खुशाल पुढे जावं.