पिंजाऱ्याच्या घरची भाकर

मॅट्रिक झालो आणि नेमका त्याच जूनमध्ये हिवतापाने आडवा पडलो. नागपूरच्या कॉलेजात नाव घालायची वेळ टळली. चिखलीच्या घरात वर्षभर बसून मी सगळ्यांचं डोकं खाईन, म्हणून वडिलांनी मला सुलतानपूरला मामाकडे धाडलं.

मामाच्या ओसरीवर गाद्यांचा कापूस पिंजायला एक म्हातारा मुसलमान पिंजारी आला होता. मी मॅट्रिकच्या तोऱ्यात कमरेवर हात ठेवून उभा. तो म्हणाला, "काऊन बे मॅट्रिक, नुस्ता पाहून राह्यला? हात लाव!" लावला. कापूस सुटायच्या ऐवजी त्याचे गोळेच झाले. तो इतका हसला, की मीही हसलो.

मग चाचा चाचा करत त्याच्या मागेमागे फिरायला लागलो. लोणार, मेहकर, पुढे निजामाच्या मोगलाईत जालन्यापर्यंत. मामाने एकच अट घातली होती: शिदोरी घरची न्यायची, मुक्काम आपल्या नातेवाइकांकडे करायचा. नातेवाईक किती गावांना पुरणार? आणि शिदोरी तर पहिल्याच दिवशी संपायची. मी चाचाच्या गाठोड्यातली भाकर खाल्ली. परतल्यावर त्याच्या घरीही जेवायला लागलो, चाचीच्या चुलीपुढे, त्यांच्याच ताटात. मामाला सांगितलं नाही. वडिलांना सांगायचा तर प्रश्नच नव्हता.

त्या वर्षात मी उर्दू अक्षरं शिकलो, पिंजण धरायला शिकलो, कोणाच्याही दारात जाऊन "कापूस पिंजायचा काय, बाई?" म्हणायला शिकलो. आधी लाज वाटायची, पुढे मजा वाटायला लागली. आपण लय मोठे झालो, असंही वाटायला लागलं.

कॉलेजात गेल्यावर वक्तृत्वाच्या स्पर्धेत मी चाचाच्या घरच्या याच ताटावर भाषण ठोकलं. टाळ्या काय पडल्या म्हणता! पहिलं बक्षीस मिळालं. वसतिगृहात आठ दिवस मी छाती काढून चालत होतो.

दिवाळीत चिखलीला आलो. कुठून कळलं कोण जाणे, चाचा सुलतानपूरहून पायी आला. वसतिगृहात माझ्या डोक्याखाली असावी म्हणून स्वतः भरलेली उशी घेऊन आला होता. ओसरीवर वडील बसले होते, गावातली चार वजनदार माणसं होती. चाचा पायरीखाली उभा राहिला. मला पाहून त्याचा चेहरा असा फुलला!

"किती वाळला रे! तिथलं खाणं मानवत नाही वाटते. माह्या घरची भाकर कशी अंगी लागली होती तुले!"

वडिलांनी माझ्याकडे मान वळवली. "काय म्हणून राह्यला हा?"

मी म्हणालो, "काहीतरीच! मी तर मामाकडे जेवायचो. यांच्याकडे पाणीसुद्धा प्यालो नाही."

चाचाने माझ्याकडे पाहिलं. मग वडिलांकडे वळून म्हणाला, "हाव मालक, चूक झाली. म्हातारा झालो न्. दुसऱ्याच पोराची याद आली." उशी पायरीवर ठेवली, हात जोडले आणि गेला. मी फाटकापर्यंतसुद्धा गेलो नाही. लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

माफी मागायला जायला मला मे महिना उजाडावा लागला. भर दुपारी त्याच्या दारात उभा राहिलो. रागावेल, तोंड फिरवेल, काहीही करेल अशी तयारी करून गेलो होतो. तो तर लगबगीने उठला, चटई झटकून अंथरली. चाची पाणी आणायला माठाकडे वळली, तसा त्याने तिला थांबवलं. "तिथलं नको. पाटलीणबाईले आवाज दे, त्यांच्या घरचा तांब्या आण." मग मला हळूच म्हणाला, "तुमच्या बाबांले कोणी सांगितलं तर तुमाले उगाच तरास व्हईल."

बोलण्यात टोमणा नव्हता हो. असता तर मला रडून पाय तरी धरता आले असते. तो खरोखर माझी काळजी करत होता. मी त्याला तेवढंच शिकवलं होतं.

चाचीने शेजारून तांब्या आणला. त्यांचा माठ माझ्यापासून दोन हातांवर होता. उठून ओंजळ भरून घेतली असती, तर माफीसाठी एक शब्द लागला नसता. मी पाटलीणबाईच्या तांब्यातलं पाणी प्यालो.