मेंढरं कुणाची होती

आक्काला खुर्चीवरून उठवलं.

दौंडच्या मंगल कार्यालयात, पहिल्या रांगेत, ती नुकतीच टेकली होती. दोन्ही गुडघे गेलेले. बसायला वेळ लागतो, उठायला त्याहून जास्त. कॅमेरावाला आला आणि म्हणाला, "आजी, तुम्ही सगळ्या खाली सतरंजीवर बसा ना. फोटो नॅचरल येतो."

नॅचरल तिला कळलं नाही. खाली कळलं. हाताला आधार शोधत ती उतरली. आमच्या वस्तीवरच्या बाकीच्या बायाही उतरल्या. मोकळ्या झालेल्या खुर्च्यांवर पुण्याचे पाहुणे बसले.

आणि मी, तिचा पुतण्या, दारात उभा होतो. भर मे महिन्यात घोंगडी पांघरून.

ती घोंगडीसुद्धा शेजाऱ्याची. मी रांजणगावला कंपनीत क्वालिटीला आहे. जन्मात मेंढरं राखली नाहीत. मेंढरू अंगावर आलं तर मी मागं सरकतो, हे बायको सगळ्या पाहुण्यारावळ्यांना सांगते. पण मॅडमचा फोन आला होता, की मामा, स्वागताला तुमचा पारंपरिक वेश हवा. माझा पारंपरिक वेश म्हणजे कंपनीचा निळा शर्ट. तो चालला नसता. निघताना बायको म्हणाली, "कुणाच्या लग्नात नाचायला चाललाय?" लोकर मानेला टोचत होती. खाजवायची चोरी. येईल त्याला भंडारा लावत होतो आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होतो.

मॅडम म्हणजे पुण्यातल्या सामाजिक शास्त्रांच्या संस्थेतल्या संशोधक. माझ्याहून वयानं मोठ्या, तरी मला मामा म्हणायच्या. सुरुवातीला मला तो मान वाटला. पुण्यात चहावाल्यालाही मामाच म्हणतात, हे नंतर ध्यानात आलं. मेंढरं सोडून शेतीला लागलेल्या आमच्यासारख्या घरांचा त्यांनी अभ्यास केला. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुक्यांत. सुट्टीच्या दिवशी मी त्यांना गाडीवर बसवून वस्त्या दाखवायचो. म्हाताऱ्यांचं बोलणं त्यांना उमजेल असं करून सांगायचो. आमच्या मांडवगणात लोक विचारायचे, ह्या कोण? मी ऐटीत सांगायचो, आमचं संशोधन चाललंय. आमचं.

त्या कामाला दिल्लीत मोठा सन्मान मिळाला. म्हणून संस्थेनं आपली अलीकडची सगळी कामं घेऊन दौंडला कार्यक्रम ठेवला. कामं खोटी नव्हती, हेही सांगतो. कारेगावात खोल्या करून राहणाऱ्या कंत्राटी कामगारांवर एकानं लिहिलं होतं. त्याचं बोलणं ऐकून मी दारातच मान डोलावत होतो. मी रोज तेच बघतो.

पण आक्का वेगळ्या कामाला आली होती. तिला एकच विचारायचं होतं.

आमच्यात घोंगडी अंथरून कुणाला बसवलं आणि महत्त्वाचं काही बोलणं झालं, तर उठायच्या आधी ऐकणाऱ्यानं ते मोठ्यानं परत सांगायचं असतं. बोलणारा व्हय म्हणाला की मग पाणी, मग उठायचं. मॅडम आमच्या घरी घोंगडीवरच बसल्या होत्या. तेव्हा आक्कानं कुणालाच न सांगितलेलं सांगितलं. वस्ती एका जागी बसली, विहीर पाडायची ठरली, तेव्हा सगळी मेंढरं विकली. त्यातली निम्मी तिची होती. माहेराहून आणलेल्या दोन माद्यांपासून वाढवलेली. तिला कुणी विचारलं नाही. घरातल्या गडीमाणसांनी मेंढरांचा वाडा मोकळा केला आणि ती मोकळ्या वाड्यात लेंड्या भरत राहिली. मीही तिथंच बसलो होतो. जन्मभर त्याच घरात राहून मला ते ठाऊक नव्हतं.

मॅडमनी रेकॉर्डर बंद केला, थँक्यू म्हणाल्या आणि उठल्या. परत काही सांगितलं नाही. आक्काच्या लेखी ते बोलणं अजून संपलेलंच नव्हतं. त्यानंतर मी दिसलो की ती विचारायची, "माझी व्हती असं लिवलं का रं?" मी म्हणायचो, लिहिलं असणार. मॅडमचं पुस्तक आलं, ते इंग्रजीत. मला कधी कुणी दिलं नाही, आणि मी मागितलं नाही.

कार्यक्रमात पडद्यावर आक्काचा फोटो आला. टाळ्या वाजल्या. खाली इंग्रजीत एक ओळ. आक्कानं सतरंजीवरून मागं वळून दाराकडं पाहिलं. मला हात केला. मी पुढं गेलो, तिच्याजवळ उकिडवा बसलो.

"काय लिवलंय?"

कंपनीत मशीनचे रिपोर्ट वाचतो, तेवढं इंग्रजी मला येतं. मी ओळ वाचली. परत वाचली. मग तिला सांगितलं, "लिवलंय, स्थिर व्हायचं म्हणून कुटुंबानं मेंढरं विकली."

"कुटुंबानं?"

"व्हय."

तिनं पडद्याकडं बोट केलं. मग शांतपणे म्हणाली, "मग ते माझं न्हाई. पुसाया सांग."

मी उभा राहिलो आणि सांगितलं, मेंढरं आक्काची होती, ती ओळ पुसा. माइक नव्हता, तरी ऐकू गेलं. मॅडम स्टेजवरून हसून म्हणाल्या, "मामा, थोडक्यात अर्थ तोच होतो. नंतर बोलू, बसा खाली."

बसा खाली.

मी घोंगडी काढली. घडी करायला जमेना, तशीच बगलेत मारली. म्हणालो, अर्थ तो होत नाही. विकणारे वेगळे होते, जिची होती ती वेगळी. आणि तुम्ही तिला दोनदा खाली बसवलंय, एकदा इथं, एकदा त्या ओळीत. आवाज चिरकला माझा. भाषण मला कधी जमलं नाही. एक पाहुणे टाळी वाजवायला लागले, त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. मी आक्काला काखेत धरून उठवलं. बाकीच्या बाया न सांगता उठल्या. जेवण मागं राहिलं. गाडीत एकीनं म्हटलंसुद्धा, जिलेबी होती.

महिन्याभरानं मॅडमचा फोन आला. नवा अभ्यास आहे, कवठे येमाईच्या बाजूला. मला समन्वयक करणार, नावाचं कार्ड देणार. कार्डाचा मोह झाला, खोटं कशाला बोलू. मी म्हणालो, आधी वस्तीवर या. जे जे लिहिलंय ते मराठीत, सगळ्यांपुढं, मोठ्यानं वाचा. आक्का व्हय म्हणेल ते ठेवा, न्हाई म्हणेल ते बदला. त्या म्हणाल्या, अशी पद्धत नसते, मामा.

मी म्हणालो, मामा म्हणू नका.

त्या आल्या नाहीत. मला रात्रंदिवस चैन नाही. किती दारं मी त्यांना उघडून दिली, आणि त्या घरांबद्दल काय छापलंय ते मला माहीत नाही. आता ते पुस्तक मिळवलंय. डिक्शनरी घेऊन बसतो. एकेक पान मराठीत करून ज्याचं त्याच्या घरी जाऊन वाचतो. चुकलेलं असेल तिथं त्याच्यासमोर काट मारतो.

पुढच्या दारापर्यंत मी त्यांना नेणार नाही. दुसरं कुणी नेलं, तर त्यांच्याआधी मी त्या दारात जाऊन बसलेला असेन, घरच्यांना सांगायला, की परत सांगितल्याशिवाय ह्यांना उठू देऊ नका.